आरिआनरॉडच्या दाराशी जाताना

अगं, तुझा व्हॉइस मेसेज शांतपणे ऐकला. वेल्समधल्या बँगोरला पहिला हिवाळा काढलास, ती थंडी आणि तो अंधार सोसलास, पण कविता आटली म्हणून हिरमुसली आहेस. त्यात कामावरची मैत्रीण म्हणते, येत्या पौर्णिमेला आम्ही काहीजणी डिनास डिन्लेच्या किनाऱ्यावर आरिआनरॉडचं स्मरण करायला जातोय, तूही चल. चंद्राची देवी आहे, तिच्यामुळे सुचणं परत येतं, माणूस नवा होतो. तुला जावंसंही वाटतंय आणि बिचकायलाही होतंय. परमुलखातल्या देवीपुढे आपण काय म्हणून उभं राहायचं, हा एक प्रश्न. बरोबर काय न्यायचं, हा दुसरा.

जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत ऐकशील. पण जिच्याकडे निघाली आहेस तिची सगळी हकिकत माहीत करून घे. मैत्रिणीनं सांगितली ती अर्धीच ओळख आहे, आणि तीसुद्धा बरीच अलीकडची.

वेल्श कथांची माबिनोगी म्हणून जी जुनी पोथी आहे, तिच्या चार शाखा. आरिआनरॉड येते चौथीत. या कथा सलग सापडतात त्या सहाशे-साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या दोन हस्तलिखितांत. त्यातलं एक ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, दुसरं ऑक्सफर्डला. लिहिणारे सगळे ख्रिस्ती. त्यांनी तिला कुठंही देवी म्हटलेलं नाही, चंद्राचा तर उल्लेखच नाही. तिच्या नावात चांदी आहे, चाक आहे, त्यावरून मागाहूनच्या लोकांनी चंद्र काढला. मग १९४८ साली रॉबर्ट ग्रेव्हज नावाच्या इंग्रज कवीनं ‘द व्हाइट गॉडेस’ लिहिलं. कुमारी, माता आणि वृद्धा अशा तीन रूपांतली चंद्रदेवी हीच खऱ्या कवीची प्रेरणा, असं त्याचं म्हणणं. इतिहासाच्या अभ्यासकांनी ते पुस्तक फारसं मानलं नाही. जुन्या देवदेवता पुन्हा मानू लागलेल्या पेगन मंडळींनी मात्र ते उराशी धरलं. तुझी मैत्रीण त्याच वाटेनं आली असणार.

म्हणून तिची श्रद्धा खोटी का? मला नाही तसं वाटत. आपल्या आईच्या पिढीतल्या किती बायकांनी १९७५ चा एक सिनेमा पाहून शुक्रवार धरले, गूळ-चणे वाटले, आंबट सोडलं! संतोषी माता कुठल्या पुराणात आहे, हे त्यांना कुणी विचारत बसलं नाही. देवी घडत असतात. तू फक्त जुनं काय आणि नवं काय ते ओळखून हात जोड. आणि चंद्र बाई आहे म्हणून गोंधळू नकोस. आपला चांदोमामा इथल्या आकाशात मावशी होतो, एवढंच.

आता गोष्ट ऐक. गोड नाहीये.

माथ हा ग्वीनेडचा राजा. म्हणजे तू राहतेस तोच मुलूख. लढाई नसेल तेव्हा त्याचे पाय एका कुमारिकेच्या मांडीवर असले पाहिजेत, नाहीतर तो जगायचा नाही, असा काहीतरी चमत्कारिक नेम होता. ती मुलगी गोएविन. माथच्या एका भाच्याचं तिच्यावर मन गेलं. त्याचा भाऊ ग्विडियन मोठा जादूगार. भावाची वासना भागावी एवढ्यासाठी त्यानं दक्षिणेतल्या राजाशी युद्ध पेटवून दिलं. राजा लढाईवर गेला आणि मागे गोएविनवर बलात्कार झाला. तो परतल्यावर तिनं स्पष्ट तोंडानं सगळं सांगितलं. माथनं तिच्याशी लग्न केलं, आणि दोन्ही भाच्यांना जादूनं हरीण, डुक्कर, लांडगा करत तीन वर्षं रानात हिंडवलं.

शिक्षा संपली. आता पायांसाठी नवी मुलगी हवी. तर हाच ग्विडियन काय सुचवतो? माझी बहीण आहे की, आरिआनरॉड! तिला बोलावलं गेलं. माथनं विचारलं, तू कुमारिका आहेस ना? ती म्हणाली, माझ्या माहितीप्रमाणे तरी आहे. त्यानं जादूची काठी वाकवून खाली धरली आणि म्हणाला, ओलांड. तिनं पाऊल टाकलं, आणि भर दरबारात तिच्या पोटातून पिवळ्या केसांचं दणकट पोर खाली पडलं. ते रडायला लागलं, ती दाराकडे पळाली, पळताना आणखी काहीतरी इवलंसं पडलं. ग्विडियननं ते चटकन रेशमी कापडात गुंडाळलं आणि आपल्या पलंगाच्या पायथ्याशी पेटीत लपवलं. पहिल्या पोराचं नाव डिलन. नाव ठेवल्याबरोबर ते समुद्रात शिरलं आणि माशासारखं पोहू लागलं. (स्वान्सीच्या एका शिक्षकानं १९१४ साली आपल्या मुलाला हे तोवर क्वचितच ऐकू येणारं नाव दिलं. तो पुढे कवी डिलन टॉमस झाला. त्या एका पावलानं किती काय खाली पडलं बघ.)

पेटीतलं इवलंसं काहीतरी मोठं झालं. चार वर्षांचा पोरगा आठ वर्षांचा दिसायला लागला, तेव्हा ग्विडियन त्याला घेऊन बहिणीच्या समुद्रातल्या गढीवर गेला. हा कोण, तिनं विचारलं. तुझा मुलगा. यावर तिचा जो संताप झाला तो पोथीत वाचताना अजून अंगावर येतो. माझी नामुष्की एवढी वर्षं सांभाळून ठेवलीस आणि आता ती माझ्याच दारात घेऊन आलास? तिनं शपथ घातली: मी नाव ठेवीन तेव्हाच याला नाव. पुढच्या खेपेला: मी हातात देईन तेव्हाच याला शस्त्र. त्याच्याही पुढच्या खेपेला: या पृथ्वीवर असलेल्या कुठल्याच जातीची बायको याला मिळायची नाही.

इथंच तुला थांबवायचंय मला. तुझ्या मैत्रिणींच्या मंडळात हिला बहुधा ‘नव्या जन्माची कनवाळू माता’ म्हणत असतील. ही कनवाळू नाही. जे तिच्याकडून फसवून, सगळ्यांसमोर काढून घेतलं, त्याला तिनं आपलं म्हणायचं नाकारलं. मी तिची बाजू घेते, पण सगळी नाही घेत. कुंतीनं पेटी पाण्यात सोडली आणि जन्मभर मनातल्या मनात जळली. हिनं आपला जाळ पोराच्या माथी मारला. पोराचा काय गुन्हा? दरबारात काठी धरणारा मामा आणि सगळं घडवून आणणारा भाऊ हे दोघं नामानिराळे राहिले आणि शाप लागला सगळ्यांत धाकट्याला. घरोघरी होतं तसंच झालं. म्हणून म्हणते, पुजायची तर अख्खी बाई पूज. तिची नामुष्की, तिचा ताठा, तिचा अन्याय, सगळं समोर ठेव आणि मग दिवा लाव.

पण या हकिकतीत एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. ही गढी कुणासाठी उघडते?

पहिला शाप मोडायला ग्विडियननं समुद्रातलं शेवाळ गोळा केलं, जादूनं त्याचं उत्तम कातडं केलं, आणि चांभार बनून गढीखाली नाव लावली. आरिआनरॉडनं पायाचं माप पाठवलं. त्यानं मुद्दाम एक जोड मोठा केला, दुसरा लहान. पाऊल पाहिल्याशिवाय बेतात यायचा नाही म्हणाला. मग ती, कुणाला दाराशी उभं न करणारी, स्वतः उतरून नावेवर आली. तेवढ्यात एक चिमणा रेन पक्षी नावेवर बसला. पोरानं नेम धरून त्याच्या पायाच्या शीर आणि हाडाच्या मधोमध मारलं. ती हसली आणि सहज बोलून गेली की या गोऱ्या पोराचा हात काय कसबी आहे! झालं, तेच त्याचं नाव पडलं: ह्लाय ह्लाउ गिफेस. (ते ‘ह्ल’ म्हणताना जीभ ‘ल’ला लावतो तशी लावायची आणि बाजूनं हवा सोडायची. बँगोरच्या बसमध्ये सराव कर, कुणी हसणार नाही. हसले तर शिकवतील.) दुसऱ्या खेपेला दोघं दक्षिणेकडचे भाट बनून आले. भाट म्हटल्याबरोबर दार उघडलं, जेवण वाढलं गेलं, आणि रात्री ग्विडियन आणि ती गोष्टी सांगत बसली. पहाटे त्यानं खोटं आरमार उभं केलं, आणि गडबडीत तिनंच पोराच्या अंगावर शस्त्रं चढवली. तिसऱ्या शापाचं काय झालं ते पोथीतच वाच.

म्हणजे ही एकटी राहणारी, कडक, दुखावलेली बाई दोनच गोष्टींसाठी दार उघडते: हातानं नीट केलेली वस्तू, आणि गोष्ट. दोन्ही वेळा तिला फसवलं गेलं. मला विचारशील तर तिच्याकडे जाणाऱ्यानं हेच न्यावं, फक्त कपट न करता. चांदीच्या रंगाच्या मेणबत्त्या, चंद्रकोरीचं लॉकेट, इंटरनेटवरचे स्फटिक, यातलं काही विकत घेऊ नकोस. तुझ्या हातचं काही ने. ती क्रोशाची टोपी अर्धी राहिली आहे ना, ती पुरी करून घालून जा. आणि तिथं उभी राहून तिला मराठीत एक गोष्ट सांग. आजीची सांग, घरातली सांग, वाटलं तर तुझी जुनी कविता म्हण. मागू नकोस काही. ज्या बाईकडून जगानं घेतलंच घेतलं, तिच्याकडे पहिल्याच भेटीत यादी घेऊन जायचं, हे मला तरी बरं दिसत नाही.

आणि तिची ती ‘नाही’ म्हणायची हिंमत थोडी उचल. रागावू नकोस, पण तुझी कविता कुठं जाते ते मला दिसतंय. रजेवर गेलेल्या सगळ्यांच्या पाळ्या तू करतेस. मंडळाच्या गणपतीचा हिशेब तुझ्याकडे, नव्यानं आलेल्या प्रत्येकाचा घरभाड्याचा अर्ज तू भरून देतेस, आणि रात्री फोनवर भारतातल्या सगळ्यांची गाऱ्हाणी. यातली एक-दोन कामं सोड. पौर्णिमेच्या आधी सोड. कुणाला वाईट वाटेल, वाटू दे. कुणावर शाप मात्र टाकू नकोस!

आता जायचं कसं ते. आपण दोघी कोकणातल्या, तुला उधाण आणि भांग काय ते सांगायला नको. तुझ्या मैत्रिणी पौर्णिमेला चंद्रासाठी जातात, पण तिथली खरी मजा ओहोटीत आहे. डिनास डिन्लेच्या दक्षिणेला समुद्रात खडकांची एक रांग आहे, तिलाच काएर आरिआनरॉड म्हणतात, तिची गढी. एरवी ती पाण्याखाली. मोठ्या ओहोटीलाच दिसते. लोक सांगतात, गढी समुद्रानं गिळली तेव्हा बाहेर गेलेल्या तिच्या बहिणी तेवढ्या वाचल्या. आणि सगळ्यांत मोठी ओहोटी पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येते. पोथीत तिच्या नावापुढे चंद्र नसेना का, तिची गढी उघडतो तो चंद्रच! मला हे ग्रेव्हजच्या सगळ्या पुस्तकापेक्षा मोलाचं वाटतं. तेव्हा वेळापत्रक बघ, आणि जमलं तर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळेला उजेडातही एकदा जाऊन ये. खडकांकडे चालत जायचा वेडेपणा करायचा नाही. किनाऱ्यावरची टेकडी आहे, लोहयुगातला किल्ला, तिच्यावरून बघ. तिची पश्चिमेची बाजू समुद्रानं खाल्ली आहे, कडेला जाऊ नकोस. वारा असा असतो की बोललेलं शेजारणीला ऐकू येत नाही. पाण्यात दूध, फुलं, रिबिनी काही सोडू नका, मैत्रिणींनाही सांग.

ढग नसतील, आणि पौर्णिमा सोडून एखादी काळोखी रात्र मिळाली, तर तिचं दुसरं घर वर आहे. उन्हाळ्याकडे स्वाती ठळक दिसते ना, तिच्यापासून अभिजितकडे नजर नेताना वाटेत लहानशी कमान लागते, उत्तर मुकुट. वेल्शमध्ये तिलाही काएर आरिआनरॉड म्हणतात. शर्मिष्ठा हा तिच्या आईचा, डोनचा, दरबार. आकाशगंगा म्हणजे ग्विडियनची गढी. सगळं भांडखोर घराणं वर नेऊन बसवलंय! त्या कमानीजवळ एक तारा आहे. एरवी डोळ्यांना दिसत नाही. तो १८६६ मध्ये अचानक पेटला, मग १९४६ मध्ये. खरं तर ते दोन तारे आहेत. एक विझत आलेला, खुजा, शेजारच्या फुगलेल्या ताऱ्याचा वायू ओढून अंगावर साठवत राहतो, आणि ऐंशीएक वर्षांनी तो साठा एकदम भडकतो. २०२४ साली जगभरचे खगोलवाले तो पुन्हा पेटेल म्हणून टपून बसले होते. तुला ‘नवं होणं’ हवंय ना, तर हे एक खरंखुरं नवं होणं आहे, आणि त्याआधीचा लांबलचक काळोख रिकामा नसतो.

प्रेरणेबद्दल मात्र एक सांगितलंच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या देवीवर अन्याय होईल. वेल्समध्ये सुचण्याला आवेन म्हणतात, आणि त्याची कढई आरिआनरॉडकडे नाही, केरिडवेनकडे आहे. बाला गावाजवळच्या मोठ्या तळ्याकाठी ती राहायची. तिचा मुलगा फार कुरूप. निदान शहाणा तरी व्हावा म्हणून तिनं एक वर्ष आणि एक दिवस कढई उकळत ठेवली. विस्तवापाशी एक आंधळा म्हातारा, आणि ढवळायला ग्वियॉन नावाचा पोरगा. शेवटी तीन थेंब उडाले ते त्याच्या बोटावर. भाजलं म्हणून त्यानं बोट तोंडात घातलं आणि सगळं ज्ञान त्याला मिळालं. मुलाला काहीच नाही. मग पाठलाग: तो ससा, ती शिकारी कुत्री, तो मासा, ती पाणमांजर, तो पक्षी, ती ससाणी, तो गव्हाचा दाणा झाला आणि ती काळी कोंबडी होऊन त्याला गिळून गेली. नऊ महिन्यांनी तिच्याच पोटी जन्मला, तो टालिएसिन, कवींचा कवी. गंमत म्हणजे हा टालिएसिन आपल्या अनुभवांची यादी सांगताना आरिआनरॉडच्या बंदिवासातही राहून आलोय म्हणतो. दोन्ही दारं ओलांडावी लागतात बहुतेक.

तुला यातला कोण आवडतो मला ठाऊक नाही. मला त्या विस्तवापाशी बसलेल्या आंधळ्या मोर्डाचं वाईट वाटतं. वर्षभर लाकडं घातली, आणि शेवटी रागाच्या भरात मार त्यानंच खाल्ला.

राहिला परकेपणा. लेडी शार्लट गेस्ट ऐकली आहेस का? लिंकनशरमध्ये जन्मलेली इंग्रज बाई. डौलाइसच्या लोखंडाच्या कारखानदाराशी लग्न करून वेल्समध्ये आली, वेल्श शिकली, आणि १८३८ ते १८४९ च्या दरम्यान या सगळ्या कथा इंग्रजीत आणून छापल्या. त्याच काळात एकामागून एक बाळंतपणं. दहा मुलांची आई ती. पुढे १८५२ मध्ये नवरा गेल्यावर कारखानाही चालवला. परक्या मुलखातून आली म्हणून तिला कुणी दाराबाहेर ठेवलं नाही, कारण तिनं आधी भाषा शिकली. तूही ते कर. ग्वीनेडमध्ये निम्म्याहून जास्त लोक घरीदारी वेल्श बोलतात, वर्ग जागोजाग आहेत. दुकानात ‘डिओल्ख’ म्हणून बघ, समोरच्या बाईचा चेहराच बदलतो. तुझ्या मैत्रिणींपैकी किती जणींना ती भाषा येते, हेही जरा विचार. बाहेरून येऊन इथल्या देवी उचलायच्या आणि इथली भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्याला ओळखायचं नाही, हा प्रकार मी पाहिलाय, आणि मला तो आवडत नाही.

आणि आवेन आजही जिवंत बघायचं असेल तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आयस्टेडवॉडला, वेल्श कवितेच्या मेळ्याला, चल माझ्याबरोबर. कवी टोपणनावानं कविता पाठवतात, आणि जिंकणारा कोण हे हजारो लोकांसमोर तो जागचा उभा राहीपर्यंत जमलेल्यांना कळत नाही. मला तर आपल्या संमेलनातल्या भाषणांपेक्षा ते जास्त रंगतदार वाटतं, पण हे पुण्याच्या मावशीला सांगू नकोस.

जाण्याआधी माबिनोगी वाच. सिओनेड डेव्हिस यांचं २००७ चं इंग्रजी भाषांतर घे, ते मोठ्यानं वाचायला फार छान आहे. चौथी शाखा झाली की फोन कर. ग्विडियनवरून आपलं भांडण होणार, कारण तो लबाड आहे, बोलण्यात पटाईत आहे, आणि मला खात्री आहे, तुला तोच आवडणार.